आमच्याकडे सगळे ठणठणीत

आमची वहिनी आरोग्यसेविका. गल्लीत जुलाबाची साथ आली, तशी ती दारोदार फिरायला लागली. आजारी माणसं कुठल्या नळाचं पाणी पितात ते कळलं, की फुटलेला पाइप सापडणार होता. पण जाईल तिथे एकच उत्तर, "छे हो, आमच्याकडे सगळे ठणठणीत!" आणि तेवढ्यात आत संडासाची कडी वाजायची. जुलाब म्हणजे जणू घराण्याला डाग!

संध्याकाळी ती धुसफुसतच घरी आली. चपला भिरकावल्या. "लोकांना विचारून विचारून घसा बसला माझा! खरं बोलायला यांच्या जिवावर येतं. साथ काय माझ्या एकटीच्या फिरण्याने थांबणार आहे?"

"अक्कलच नाही गं लोकांना," पलंगावरून आई म्हणाली. कंबर धरलीय म्हणून ती कालपासून पडून होती. आता भिंतीला धरून लगबगीने संडासाकडे निघाली.

वहिनीने तिला वाटेतच अडवलं. आईचे डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"आई, जुलाब होताहेत? कधीपासून?"

"परवापासून," आई पुटपुटली. "पण सूनबाई, बाहेर बोलू नकोस हं. तुझ्याच घरात जुलाब म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"