डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे

अंबू माश कुणाहीबरोबर चालताना त्याच्या डाव्या हाताला असत, अर्धं पाऊल मागे. समोरचा बोलू लागला की त्यांचे ओठ हलत, जरासे उशिरानं. खिशात सुंठेचा तुकडा असे, घशासाठी. वर खोचलेलं मुंडू, म्हणजे लुंगी, खाली सोडल्याशिवाय ते कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवत नसत. आणि घरात 'मी' म्हणत नसत. "चहा हवा होता," एवढंच. 'मी' फक्त माइकवर. "मी तुम्हाला सांगतो, बंधूंनो!" तो 'मी' दिल्लीच्या नेत्याचा असे.

पय्यनूरच्या सरकारी शाळेत त्यांनी आयुष्यभर हिंदी शिकवलं. माश म्हणजे मास्तर. पण गाव त्यांना ओळखायचं ते मैदानावरून. पक्षाचं अधिवेशन संपलं की शेवटच्या संध्याकाळी जाहीर सभा होते. दिल्लीचा नेता हिंदीत एक वाक्य बोलतो आणि थांबतो. मग डाव्या हाताचा माणूस तेच मल्याळीत सांगतो. पय्यनूरला तो माणूस म्हणजे अंबू माश. मी समोरच्या घरातली. लहानपणीचे नेत्यांचे आवाज मला आठवत नाहीत, माशांचा आठवतो.

या वर्षी शाखेचा सचिव पवित्रन घरी आला. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "माश्शे, यंदा जरा विश्रांती घ्या. दिल्ना आहे ना."

दिल्ना त्यांचीच विद्यार्थिनी. दिल्लीत शिकून आलेली.

"छान," माश म्हणाले. "हुशार आहे."

पवित्रन गेल्यावर त्यांनी सुंठेचा तुकडा अंगणात फेकला. थोड्या वेळानं जाऊन शोधून आणला.

सभेत ते शेवटच्या रांगेत बसले. मी शेजारी. दिल्लीचे नेते महेंद्रजी बोलायला लागले तसे माशांचे ओठ हलू लागले. दिल्नाच्या आधी त्यांचं वाक्य पुरं होई. मग ते माझ्याकडे बघत. मी मान हलवी.

भाषण रंगात आलं. महेंद्रजींनी मूठ उगारली. "मेहनतकश जनता का कल्याण होकर रहेगा!"

दिल्ना त्याच जोशात ओरडली, "कष्टकरी जनतेचं कल्याणम् होणारच!"

आमच्याकडे कल्याणम् म्हणजे लग्न.

पुढच्या रांगेतल्या बायकांना हसू फुटलं. मग सगळेच. दिल्नानं जीभ चावली, आणि लगेच माइक जवळ ओढला. "हसताय काय? बोलावणं सगळ्यांना आहे. जेवण सरकारकडे. आहेर आणू नका!"

टाळ्या थांबेनात. महेंद्रजींना वाटलं, आपलंच वाक्य लागलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. लोक आणखी हसले.

"क्षेमम्," माश मोठ्यानं म्हणाले. "क्षेमम् म्हणायचं असतं तिथं." पुढच्या माणसानं मागे वळूनही पाहिलं नाही.

सकाळी कोरनच्या चहाच्या टपरीवर भाषणाचीच चर्चा होती. म्हणजे भाषणाची नव्हतीच.

"काय कोरना, लग्नाला येणार ना?"

"आहेर नाही म्हटल्यावर येतोच की!"

"महेंद्रजी बेकारीवर बोलले," माश म्हणाले. "किमान वेतनावर बोलले. त्यातलं काही आठवतंय कुणाला?"

"लग्न आठवतंय, माश्शे."

"चुकली ती! एका शब्दानं अर्थ बदलतो."

"चुकली म्हणून तर मजा आली," कोरन चहा वरून खाली ओतत म्हणाला. "रागावू नका. तुमच्या बोलण्याला कुणी कधी हसलं का?"

"नाही हसलं. हेच तर माझं काम."

कुणीतरी खुदकन हसलं. माशांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. "मोळे, पोरी, तुझ्या फोनवर ते भाषण आहे ना? लाव. मी नीट करून दाखवतो." 'मी' म्हणाले. माझ्या लक्षात आलं.

मी फोन खुर्चीत ठेवला. माश खुर्चीच्या डाव्या हाताला उभे राहिले, अर्धं पाऊल मागे. हातात छत्री, मुठीकडून तोंडाशी धरलेली. त्यांची बायको माधवीअम्मा पायरीवर शिंपले साफ करत होती. महेंद्रजी एक वाक्य बोलत, मी थांबवी, माश सांगत. फार चांगलं सांगत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग ते वाक्य आलं.

"कष्टकरी जनतेचं क्षेमम् होणारच."

माधवीअम्माचा हात चालूच होता. पाटीत शिंपला पडल्याचा आवाज आला.

"पुन्हा लाव," माश म्हणाले.

मी पुन्हा लावलं. माश छत्री उंचावून म्हणाले, "कष्टकरी जनतेचं कल्याणम् होणारच! जेवण सरकारकडे. आहेर आणू नका."

माधवीअम्मा खळखळून हसली. ओल्या हातानं तिनं डोळे पुसले.

माशांचा चेहरा आधी उजळला. मग ते तिच्याकडे वळले. "मला हसलीस की तिला?"

"आता हे काय विचारणं?"

"खरं सांग."

"तिला. पोरीनं जीभ चावली होती ना, ते आठवलं."

माशांनी छत्री मिटली. ती उघडलेली नव्हतीच, तरी मिटली. "बंद कर," मला म्हणाले. "तिथंच राहू दे. बरोबर अर्थाचा आणि लोक हसतील असा एक शब्द असेलच की. आपल्या भाषेत नसेल होय? उद्या काढतो."

"उद्या बाजारात जायचंय," माधवीअम्मा म्हणाली.

"बाजारात काढतो."

पहाटे माधवीअम्माची हाक आली. मी धावले. माश झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला अजून त्याचा अर्थ लागत नाही.

लाल झेंडा पांघरवून त्यांना ओसरीत ठेवलं. पवित्रन आला, कोरन टपरी बंद करून आला. दिल्ना आली आणि पायाशी उभी राहून रडली. "क्षेमम् होतं, माश्शे," म्हणाली. "मला ठाऊक होतं."

फोनवर महेंद्रजी अजून त्या वाक्यावरच थांबलेत, मूठ वर. मी काही शब्द सुचवून पाहिले, माधवीअम्माला. तिला एकाचंही हसू आलं नाही. पुढचं भाषण बरंच उरलंय.