पिशवीतला दुसरा चिमटा

काल बाजारातून येताना खाडीच्या धक्क्यावर घटकाभर टेकले. कडेला एक गृहस्थ गळ टाकून तांबोशी माशाची वाट बघत होते. तेवढ्यात त्यांची बायको चिमटा घेऊन तरातरा आली.

"माशाच्या तोंडातला गळ काय दातांनी काढणार होतात? रोज काहीतरी विसरता."

"वय झालं. आलीच आहेस तर बस जरा, भरती लागलीय."

ती कुरकुरत बसली. तिची नजर पाण्याकडे वळली, तसा त्यांनी पिशवीतला दुसरा चिमटा हळूच पंच्याखाली सरकवला.

आमचे हेही असे गळ घेऊन गरवायला जाताना रोज एक वस्तू विसरायचे. गळ, शिसं, कोलंबी, चिमटा, पाणी अशी यादी मी पिशवीला टाचून दिली होती, तरी फोन यायचाच. मी वस्तू नेऊन द्यायची आणि वर ऐकवायची, "वाचता येतं ना?" ते शेजारची जागा हाताने झाडायचे. मी कुकरचं कारण सांगून उलट पावली परतायची.

काही माणसांना नुसतं 'ये' म्हणता येत नाही. काहींना ते ऐकूही येत नाही.

शेवटी मी पिशवीत प्रत्येक वस्तूसाठी वेगळा कप्पा शिवला. रिकामा कप्पा लगेच दिसायचा. पुढची तीन वर्षं, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत, ते काहीच विसरले नाहीत. धक्क्यावर जायला मला कारणच उरलं नाही.

मी उठले तेव्हा ती बाई अजून कुरकुरतच होती. पण बसली होती.