टोचतंय म्हणजे टोचतंय

दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं हे विचारायची गरजच नव्हती. तिच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की समोरच्याला तिचे डोळे शर्टाच्या बटणाएवढे दिसायचे. नंबर मायनस तेवीस. नवं गिऱ्हाईक हमखास मालकांना हळूच विचारायचं, "यांना दिसतं का हो?" आणि मालक हसून सांगायचे, "त्या मागच्या खोलीत असतात." जसं काही मागच्या खोलीत बसलं की माणसाला जास्त दिसायला लागतं.

दुकान कोट-सुटांचं. मागच्या खोलीत भिंगताईला बावीस वर्षं झाली होती. काजं, बटणं आणि रफू, एवढा तिचा प्रांत. रफूचं काम आलं की ती चष्मा काढून बाजूला ठेवायची आणि कापड नाकाच्या शेंड्याला लागेल इतकं जवळ धरायची. तिथे, त्या दोन-अडीच बोटांच्या अंतरात, तिच्या डोळ्यांना जे दिसायचं ते दुकानात दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. एकेक धागा सुटा, त्याचा पीळसुद्धा. तिने भरलेलं भोक शोधायला गिऱ्हाईक कोट खिडकीत नेऊन उलटासुलटा करायचं आणि शेवटी हात टेकायचं. दुकानातली पोरं मात्र म्हणायची, "भिंगताई कापड हुंगतेय." ती मान वर न करता सांगायची, "हुंगते. तुझ्या शिलाईचा वास इथपर्यंत येतो."

दुकानाच्या पुढच्या भागात, काचेच्या खिडकीशी, कापायचं लांब टेबल होतं. ते मास्तरांचं. मास्तरांचे गुडघे गेले होते आणि सहा महिन्यांनी ते काम सोडणार होते. टेबल कुणाला द्यायचं ते मालकांनी मास्तरांवर सोपवलं. भिंगताई त्याच दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला हवंय," म्हणाली.

मास्तर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी रेघारेघांच्या कापडाचा एक उरलेला तुकडा पुढे केला. "काप," म्हणाले. तिने जीव ओतून खडूने आखलं आणि कापलं. मास्तरांनी तुकडा उचलून प्रकाशात धरला. वरून खाली येताना कात्री रेघेपासून दोन धागे सरकली होती.

त्यांनी लाकडी पट्टी तिच्यासमोर ठेवली. "ही कशी दिसते तुला? खरं सांग."

तिने खरं सांगितलं. "मधे सरळ. टोकांना वाकलेली."

"मग तू कोट कापणार कसा?"

मास्तरांचं बरोबर होतं. तिला राग आला तो त्याचाच. चुकीचं बोलले असते तर तिने दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. पण जाड काच काठाकडे रेघ वाकवते हे ती शाळेपासून बघत आली होती. कुणी पट्टी पुढे करून विचारलं नव्हतं, एवढंच. "सहा महिने आहेत ना?" ती म्हणाली. "मग माझी जागा धरून ठेवा. मी सरळ डोळे घेऊन येते."

घरी आईने कपाळाला हात लावला. "शेहेचाळीस वर्षांची झालीस. आता या वयात डोळ्यात काचा घालणार? लहानपणी घसा फोडून सांगत होते, पुस्तक लांब धर, लांब धर."

"लांब धरलं की दिसायचं नाही, आई."

"तेच तर. ऐकलं नाहीस."

या वादात आईला हरवणं शक्य नव्हतं. भिंगताईने चाळीस वर्षांपूर्वीच तो नाद सोडला होता.

लेन्सचं दुकान चालवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या आणि कायम घाईत असायच्या. मऊ लेन्स तिच्या नंबरात खास करून मागवाव्या लागल्या. त्या आल्या त्या कडेला जाड, आणि पापणी मिटली की घसरायच्या. दुसरी लेन्स आली छोटी आणि कडक. ती घालून भिंगताईने पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर पर्समधून काढलेली शिंप्याची पट्टी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ! ती मॅडमच्या खुर्चीत बसून पट्टी आडवी धरत होती, उभी धरत होती आणि वेड्यासारखी हसत होती. दुपारपर्यंत मात्र डोळ्यात वाळूचा खडा गेल्यासारखं झालं आणि संध्याकाळी ती डोळे मिटून, भिंत चाचपडत घरी आली.

तिसरी लेन्स मोठी होती. बुबुळाला तिचा स्पर्शच व्हायचा नाही. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची आणि मधे औषधी मिठाचं पाणी भरलेलं असायचं. खडा गेला, वाळू गेली. राहिलं काय, तर डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला एक चिमटा. सकाळी नाही. दुपारी जेवायच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि मग डोकंही धरायचं.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. "लेन्स छान बसलीय ताई. सवय होईल."

आठवड्याने ती परत गेली. "टोचतंय."

"तुमच्या कामात खडूची पूड उडते ना? ती जात असणार."

भिंगताई आठ दिवस खडूला शिवली नाही. खुणा साबणाच्या चिपेने केल्या, हात तर इतके धुतले की बोटांची सालं निघाली. चिमटा आपल्या वेळेला हजर. ती तिसऱ्यांदा गेली. मॅडमनी पुन्हा पाच मिनिटं पाहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "बसलीय अगदी नीट. थोडा धीर धरा, सवय होईल."

तेव्हा भिंगताईचा पारा चढला.

"मॅडम, मी बावीस वर्षं कोट शिवते," ती म्हणाली. "एखादा माणूस ट्रायलला येतो आणि म्हणतो, काखेत काचतंय. मी त्याला सवय होईल असं सांगितलं ना, तर मालक मला त्याच कोटासकट बाहेर काढतील. काचतंय म्हटलं की आम्ही टाके उसवतो. त्याला बसवतो, हात वर करायला लावतो, वाकायला लावतो. उभा असताना कोट सगळ्यांनाच बसतो. तुम्ही मला सकाळी पाच मिनिटं बघता. टोचतं दुपारी. मग दुपारी बघा."

"दुपारी माझ्या बाकीच्या अपॉइंटमेंट असतात."

"असू द्या. मी बसते."

आणि ती बसली. बाहेरच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, ठाण मांडून. माणसं आली, गेली. मॅडमच्या मदतनीस बाईंनी दोनदा येऊन सांगितलं, "ताई, पुढच्या आठवड्यात या." दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, "टोचतंय म्हणजे टोचतंय." पोटात भूक होती, डोळ्यात चिमटा होता आणि मनात भीतीही होती. खरंच सगळा दोष आपल्याच डोळ्याचा निघाला तर? मग टेबल गेलं. मग मागची खोली, आणि थेट म्हातारपण. पण भीती तोंडावर दाखवली की लोक लगेच समजूत घालायला येतात. ती दाखवायची नाही असं तिने ठरवलं होतं.

साडेचार तासांनी मॅडमनी तिला आत बोलावलं, काहीशा त्रासूनच. भिंगाला डोळा लावला, प्रकाश बाजूने पाडला आणि पुन्हा पाहिलं.

"ही लेन्स हळूहळू आत दबते," शेवटी त्या म्हणाल्या. "चार तासांनी नाकाच्या बाजूची कड रुतलीय. तिथली रक्ताची शीर पांढरी पडलीय. मला सकाळी हे दिसणंच शक्य नव्हतं."

"डोळा तिकडून वेगळा आहे का?"

"थोडा चपटा आहे, हो. आणि लेन्स चारही बाजूंनी सारखी आहे."

"घ्या!" भिंगताईने मांडीवर थाप मारली. "माणसाचे दोन खांदेसुद्धा सारखे नसतात, मॅडम. आम्ही एका बाजूला जास्त पॅड घालतो. तुम्ही त्या बाजूची कड उचलून घ्या की."

मॅडम पहिल्यांदा मनापासून हसल्या. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली, घड्याळाकडे न बघता नवं माप घेतलं, आणि कुठे किती दाबतंय ते भिंगताईला आरशात बघून बोटाने दाखवायला लावलं.

नवी जोडी आली ती घालून ती दिवसभर वाट बघत राहिली. दुपार झाली, चिमटा आला नाही. आधीच्या लेन्स ती कामावर घालून दुपारीच काढून ठेवायची. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच लेन्स घालून, उघड्या डोळ्यांनी घरी गेली आणि दारातच थबकली. जुन्या चष्म्यातून जग नुसतं वाकडं नाही, लहानही दिसायचं. आई तिला आयुष्यभर बाहुलीसारखी चिमुकली दिसत आली होती. "आई," ती म्हणाली, "तू एवढी मोठी आहेस?"

आई उठून अगदी जवळ आली आणि तिची हनुवटी धरून बघत राहिली. "तुझे डोळे मोठे आहेत गं," म्हणाली. "जन्मलीस तेव्हा सगळे म्हणायचे. मी विसरूनच गेले होते." मग ती पदराने तोंड पुसायला वळली. त्या दिवशी पुस्तक लांब धरण्याचा विषय निघाला नाही.

मास्तरांनी परीक्षा ठेवली ती खऱ्या कोटावर. राखाडी कापड, त्यावर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा. टेबलाभोवती मालक आणि सगळं दुकान जमलं होतं. भिंगताईने कागदाचे साचे मांडले, रेघेला रेघ जुळवली, खडूने आखलं. हाताच्या अंतरावर सगळं स्वच्छ, सरळ आणि खऱ्या मापाचं दिसत होतं. मास्तरांनी मुकाट्याने पट्टी लावून पाहिली आणि मुकाट्याने उचलली.

आता एकच गोष्ट उरली होती. त्या दुकानाची रीत अशी, की कात्री लावण्याआधी कापणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "कापड पाहिलं." ते म्हटलं की कापडातला दोष पुढे कधीही निघो, जबाबदारी त्याची. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने कापड पाहिलं नव्हतं. हाताच्या अंतरावरून बघितलं होतं, बाकीचे बघतात तसं. लेन्स घालून जवळ नेलं तर नुसता राखाडी धूर दिसत होता. नाकाशी धरून धागा बघायची तिची नजर त्या लेन्सनी झाकून टाकली होती. लेन्स काढली असती तर ती नजर होती, पण मग समोर सगळं दुकान होतं, आणि सहा महिने धडपडून तिने जे नाव पुसत आणलं होतं ते पुन्हा सगळ्यांच्या ओठावर आलं असतं.

"काय झालं?" मालक म्हणाले. "म्हण की."

"थांबा जरा."

ती मोरीवर गेली, साबणाने हात धुऊन आली. पर्समधून आरसा काढला, वाटीसारखं तोंड असलेली रबराची छोटी दांडी काढली आणि सगळ्यांच्या देखत डाव्या डोळ्यातली लेन्स ओढून काढली. कुणीतरी "अगं आई!" म्हणून मागे सरकलं. तिने लेन्स डबीत ठेवली, उजवा डोळा मिटला आणि कापडावर वाकली. नाक टेकवून, एका टोकापासून, वीत वीत.

"हुंगायला लागली," मागून आवाज आला. दोघं-तिघं हसले.

"हसा," ती तशीच वाकलेली राहून म्हणाली. "घाई नाहीये मला."

ती सरकत सरकत डाव्या छातीच्या साच्यापाशी आली आणि तिथे थांबली. तिने एक टाचणी टोचली. "इथे उभा धागा तुटलाय. विणतानाच तुटलाय. दोन धुण्यांत इथे भोक पडेल, बरोबर खिशाच्या वर."

"काहीतरीच," मास्तर म्हणाले. "सकाळी मी स्वतः पाहिलंय ते."

"तुम्ही लांबून पाहिलंत."

मास्तरांनी खणातून भिंग काढलं. टाचणीवर धरलं, जवळ नेलं, दूर नेलं. दुकानात कुणी हसत नव्हतं. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मालकांकडे बघून नुसती मान हलवली.

भिंगताई सरळ झाली. डावा डोळा मिटून उजवा उघडला, सगळे साचे वीतभर खाली सरकवले, रेघेला रेघ पुन्हा जुळवली, पुन्हा आखलं. मग मोठ्याने, पार मागच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कापड पाहिलं!"

मास्तरांनी आपली कात्री तिच्या हातात दिली. चाळीस वर्षं वापरलेली, जड, आणि तिचं अंगठ्याचं कडं त्यांच्याच अंगठ्याच्या आकाराने झिजलेलं. तिने ती उचलून पाहिली, मिटून उघडून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"रुततंय इथे."

"नवीन हात आहे," मास्तर म्हणाले. "सवय होईल."

भिंगताईने कात्री टेबलावर ठेवली. एक डोळा मिटलेला, एक उघडा, अशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

मास्तरांनी एक मोठा श्वास सोडला. मग गुडघे धरून ते स्टुलावर बसले, खणातून मऊ कातड्याची पट्टी काढली आणि कात्रीच्या कड्याला गुंडाळू लागले. "दाखव," म्हणाले, "कुठे टोचतंय?"