रेघवाले आणि नायलॉनचा ब्रश

"मुडद्या, अंगावर आल्यासारखा उभा काय राहतोस? बस खाली!"

सकाळी सकाळी न्हाणीघरातून हा आवाज आला आणि बाहेर पेपर वाचत बसलेल्या जावयानं चहाचा कप खाली ठेवला.

"कोणाशी बोलतायत?"

"ब्रशाशी," त्याची बायको डबा भरता भरता म्हणाली. "कालपासून चाललंय. तुम्ही मध्ये पडू नका."

मध्ये पडण्याची जावयाची तशीही छाती नव्हती. सासरे पाटीवाले पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, ट्रकच्या मागचे इशारे, दवाखान्यांच्या वेळा, सगळं त्यांच्या हातचं. दोरी न मारता, पट्टी न लावता भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायचे, म्हणून लोकांनी त्यांचं नाव रेघवाले पाडलं होतं. खरं नाव आता रेशनच्या दुकानातसुद्धा कोणी विचारत नसे. आणि रेघवाल्यांचा ब्रशाच्या बाबतीतला स्वभाव साऱ्या गल्लीला ठाऊक होता. त्यांच्या पेटीतल्या ब्रशाला हात लावलेला त्यांना लांबून कळायचा.

हा नवा ब्रश दाढीचा होता, आणि तो नायलॉनचा होता. दुखणं तेच होतं.

जुना ब्रश खऱ्या केसांचा. लाकडी दांडा, तो त्यांनी स्वतः लाल रंगवून त्यावर दोन काळ्या रेघा मारलेल्या. रेघवाले छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडले होते तेव्हा मुलीनं न्हाणीघर धुवायला काढलं आणि तो ब्रश कचऱ्यात टाकला. घरी आल्यावर रेघवाल्यांनी फळीवर हात फिरवला, तर हाताला लागलं एक गुळगुळीत, पांढऱ्या दांड्याचं, मऊ केसांचं प्रकरण.

"माझा ब्रश?"

"बाबा, त्याला बुरशी लागली होती. केस गळत होते. ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा त्याला."

"तो वास ब्रशाचा असतो."

"हा सिंथेटिक आहे. गळत नाही, लवकर सुकतो, वास येत नाही. बघा तर, किती मऊ आहे!"

"सिंथेटिक म्हणजे नायलॉन," रेघवाले म्हणाले. "नायलॉन म्हणजे प्लॅस्टिक. ज्या प्लॅस्टिकनं माझ्या पाट्या खाल्ल्या, तेच आता तोंडावर फिरवू?"

छापील फ्लेक्स आले त्या वर्षी बाबा कसे गप्प होऊन बसले होते, ते मुलीनं पाहिलं होतं. पण आणलेला ब्रश काही तिनं परत नेला नाही.

पहिल्या दिवशी रेघवाल्यांनी तो मगभर गरम पाण्यात भिजत घातला. जुना भिजत घालायचे, म्हणून हाही. पाकिटावर भिजवू नका असं ठळक छापलं होतं, पण ब्रशानं आपल्याला शिकवावं अशी वेळ त्यांच्यावर अजून आली नव्हती. बाहेर काढला तर त्यानं पोटात काही पाणी धरलंच नाही. सगळं मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. साबणावर फिरवला, गालाला लावला, तर केस स्प्रिंगसारखे उलटले आणि फेस उडाला आरशावर, चष्म्यावर आणि नळाच्या तोटीवर. गाल तेवढा कोरडा राहिला.

अशा आडदांड ब्रशाला वठणीवर आणायची रीत रेघवाल्यांना चांगली माहीत होती. उमेदवारीच्या काळात उस्तादांनी पहिली गोष्ट शिकवली होती ती अक्षरं नव्हे, ब्रश निजवणं. काम संपलं की ब्रश धुवायचा, केसांना तेल लावायचं, बोटांच्या चिमटीत टोक जुळवायचं आणि आडवा ठेवायचा. केस शिस्तीत राहतात, ताठत नाहीत. त्यांनी तेच केलं. फळीवरची डोक्याच्या तेलाची बाटली घेतली, दोन थेंब तळहातावर ओतले, नायलॉनच्या केसांना मुळापासून टोकापर्यंत चोळले, टोक जुळवलं. ब्रश मांजराच्या पिल्लासारखा चापूनचोपून निजला.

"आता कसा," ते म्हणाले.

तेल लागल्यापासून ब्रश उलटायचा थांबला हे खरं. पण फेसच होईना. साबण घासून घासून हात दुखला, वाटीत पाणी घातलेल्या दुधासारखं काहीतरी पांढुरकं जमलं, ते गालावर लावलं तर पातं पोहोचायच्या आत विरून जाई. कोरड्या कातड्यावर रेझर खरखरत चालला. हनुवटीला लागलं, कानाखाली लागलं. दुखण्यानंतर डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे एवढंसं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाव घेईना. तुरटी फिरवून, कागदाचे कपटे चिकटवून रेघवाले बाहेर आले, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हात दाखवा."

"हाताला काय झालंय?"

"पुढे करा आधी."

त्यांनी हात पुढे केला. बोटं थोडी थरथरत होती. दुखण्यानंतर ती थरथरतच होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"बस झालं," मुलगी म्हणाली. "उद्यापासून ह्यांचं मशीन वापरायचं. नाहीतर न्हाव्याला घरी बोलावते. पुन्हा एक जखम दिसली ना बाबा, तर मी तो रेझरच फेकून देईन."

"फेकायची तुला सवयच लागलीय."

"मला झोप लागत नाही, कळतंय का तुम्हाला? तुम्ही आत गेलात की मी दाराशी उभी असते. पाण्याचा आवाज थांबला की माझा हात दाराच्या कडीवर जातो."

"मग उभी राहू नकोस. तुझं शाळेत शिकवायला जायचं सोडून माझ्या दाढीवर पहारा कशाला?"

जावयानं भीत भीत मशीन पुढे केलं. "वापरून तर बघा. काही लागत नाही, नुसतं फिरवायचं."

रेघवाल्यांनी ते चालू केलं, कानाशी नेलं, बंद केलं आणि परत दिलं. "ह्यानं गवत कापा."

वरवर चेष्टा केली, पण आत त्यांना धसका बसला होता. दवाखान्यात त्यांना दुसऱ्यांनी पुसलं होतं, दुसऱ्यांनी भरवलं होतं, कोणी तरी येऊन भसाभसा दाढी करून गेलं होतं, न विचारता. आज दाढी हातातून गेली तर उद्या आंघोळ जाईल, परवा शर्टाची बटणं. हे ते कोणाला बोलून दाखवणारे नव्हते. त्यांनी फक्त एवढंच ठरवलं की उद्या एकही जखम होऊ द्यायची नाही.

म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी नवा साबण आणवला आणि ब्रशाला नेहमीपेक्षा चार थेंब तेल जास्त चोळलं.

सकाळी फेसाचा पत्ता नाही. नवा साबण घासून अर्धा व्हायची वेळ आली. रेघवाल्यांनी साबणाला नावं ठेवली, पाण्याला ठेवली, नळाला ठेवली, आणि मग ब्रश वाटीवर असा आपटला की वाटी फरशीवर गडगडत गेली. दार धाडकन उघडलं. मुलगी दाराशीच होती, दुसरं काय.

"पडलात?"

"मी नाही, वाटी पडली. आणि हा तुझा ब्रश! सांगत होतो ना, नायलॉनला फेस कळत नाही!"

तिनं खाली वाकून वाटी उचलली, ब्रश उचलला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघितलं. वास घेतला.

"बाबा, ह्याला तेल का लागलंय?"

"लागलं नाहीये. मी लावलंय."

"का?"

"का म्हणजे? ब्रशाला तेल लावूनच ठेवतात. जन्मभर लावत आलो."

"रंगाच्या!" ती ओरडलीच. "रंगाच्या ब्रशाला! तेलानं फेस मरतो, बाबा! तेलकट भांड्यात साबणाचं काय होतं बघितलंय ना? सातवीतली पोरंसुद्धा सांगतील!"

"मग विज्ञानाच्या बाई, तुम्ही इतके दिवस कुठे होतात? रोज हात बघत होतीस माझे. ब्रश बघितलास का एकदा तरी?"

ब्रश तिनं खरंच बघितला नव्हता. बाहेरून जावयाचा दबलेला हसण्याचा आवाज आला आणि दोघंही एकदम म्हणाली, "हसू नका!"

भांड्यांचा साबण लावून तिनं ब्रश धुतला, पुन्हा धुतला, पंख्याखाली झटकला. तो आधीसारखाच अंग फुगवून उभा राहिला. रेघवाले त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसे बघत होते.

"नुसती टोकं बुडवा. भिजवायचा नाही. झटका, आणि साबणावर हळू फिरवा, दाबू नका."

"माझ्या ब्रशाला हात कसा लावायचा ते मला आता तू सांगणार."

"हो. आणि एक जखम दिसली तर मशीन. ते अजून तसंच आहे, बाबा."

दार लागलं. रेघवाल्यांनी टोकं बुडवली, झटकली, साबणावर फिरवली. आणि फेस आला. वाटीत मावेना असा घट्ट, पांढरा, चमच्यानं उचलावा असा. "इतका कशाला हवाय," ते वैतागून म्हणाले, कारण कोणावर तरी वैतागणं भाग होतं. गालावर लावला तो तिथेच बसला, उडाला नाही, विरला नाही. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ गालाशी टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं, पाटीवर बारीक अक्षर काढताना ठेवायचे तसं, आणि रेझर खाली ओढला. एक सरळ पट्टा. शेजारी दुसरा. थरथर मुठीवरच अडली. दोन्ही गाल झाले, ओठाच्या वरचं झालं, हनुवटी झाली. कुठे लाल ठिपका नाही.

राहिला गळा.

गळ्यासाठी हनुवटी वर करावी लागते. हनुवटी वर केली की बायफोकल चष्म्यातून आरसा धूसर होतो. मूठ टेकवायला तिथे जागा नाही. रेघवाल्यांनी रेझर गळ्याशी नेला. पातं हवेतच बारीक हलत होतं, तेलाचं त्यात काही नव्हतं, ब्रशाचं नव्हतं, साबणाचंही नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. पुन्हा वर नेला. पुन्हा खाली घेतला. न करताच कॉलर वर करून बाहेर गेलं तर? तिला दिसायला संध्याकाळ होईल. पण संध्याकाळी दिसेलच. आणि तसंच दामटून केलं आणि लागलं, तर गालही मशीनकडे जातील.

त्यांनी तोटी बंद केली. दाराबाहेर लगेच पायांची हालचाल झाली.

"आहेस ना तिथेच? ये आत."

ती आली ती धावतच. "काय झालं? रक्त?"

"रक्त नाही. बघून घे नीट, उजेडात बघ. सगळं झालंय." त्यांनी रेझर धुऊन तिच्यापुढे धरला. "गळा राहिलाय. तो मला जमत नाही."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, रेझरकडे बघितलं.

"मशीन आणते."

"मशीन आणलंस तर अशीच अर्धी दाढी घेऊन बाजारात जाईन. गाल माझे, गळा तुझा. पटत असेल तर कर, नाहीतर शाळेला उशीर होतोय तुला."

"मला येत नाही हे, बाबा. मी कधी केलं नाही. त्या गोळ्या चालू आहेत, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. म्हणून तर बोलावलं."

स्टुलावर बसून त्यांनी मान मागे टेकवली. तिनं ब्रश घेतला आणि फेस लावायला लागली.

"भिंत रंगवतेस का? गोल फिरव. दांडा वरून धर. इतका खाली धरला तर टोक काय करतंय ते कळणार कसं?"

"धरलाय."

"आता रेझर. दाबायचा नाही, त्याच्या वजनानं येऊ दे. कातडी डाव्या हातानं ताण. ताण म्हटलं, चिमटा काढ नाही म्हटलं!"

"बाबा, तुम्ही बोललात की गळा हलतो."

"मी नाही बोललो तर तुला सांगणार कोण?"

रेझर पहिल्यांदा खाली आला. तिनं श्वास रोखला होता, त्यांनीही. पाठोपाठ दुसरा पट्टा, तिसरा. तिनं ओल्या टॉवेलनं पुसलं, वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. काही नव्हतं.

"झालं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली.

"झालं कसलं? हा अस्तराचा पहिला हात झाला. आता पुन्हा फेस लाव आणि खालून वर ये. आणि कानाकडे तिरकं जातेस तू, तिथे सरळ."

"बाबा, आता एक शब्द जरी तोंडातून काढलात ना—"

रेघवाल्यांनी तोंड मिटलं आणि हनुवटी आणखी थोडी वर केली.