टाकीवरून दिसलेला सूर्य

दर्यापूरला एसटीतून उतरले, तर दांडा धरून धरून तळहाताला लोखंडाचा वास लागला होता. त्या वासानं मला पुन्हा सासरच्या गावातल्या पाण्याच्या टाकीवर नेऊन उभं केलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, पटलं होतं की धरती सपाट आहे. "वावरात पानी सारखं थांबते. गोल असती तं वाहून नसतं गेलं?" रोज जेवताना हेच. मी भूगोल शिकलेली. एकदा न राहवून बोलले, "सूर्य बुडताना एकानं खाली थांबायचं, एकानं टाकीवर. धरती गोल असेल तर वरच्याला तो जरा जास्त वेळ दिसेल."

"चढ मंग," ते म्हणाले.

पदर खोचून लोखंडी शिडीनं चढले. चहूकडे कपाशीचं सपाट काळं रान. खाली मामाजींभोवती गावातली चार माणसं जमलेली. माझा फोन कानाशी, मामाजींचा स्पीकरवर.

"बुडाला," मामाजी म्हणाले.

माझ्यासमोर लाल कड अजून होती. "मामाजी, मले दिसून राहिला."

खाली कोणीतरी हसलं.

"नीट पाह," ते हळू म्हणाले. "बुडाला का नाही?"

उतरायला शिडी एकच होती, आणि ती त्यांच्या पायाशी संपत होती.

"हो मामाजी. बुडाला."

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी मला अडकवलं, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. आता वाटतं, त्या चार माणसांत तेही अडकलेच होते. पण त्यांना सूर्य खरंच दिसत नव्हता. मला दिसत होता.