"बरं म्हणजे किती?"

"पेट केमोन, दादा?"

पोट कसं आहे, हे मला भरल्या बाकांसमोर, एवढ्या मोठ्या आवाजात विचारणारे ते बंगाली गृहस्थच पहिले, माझ्यासारखेच पेशंट. कोलकात्यात सियालदह स्टेशनला लोकलमधून उतरून ते रुग्णालयात घामाघूम पोचायचे आणि बसण्याआधी हा प्रश्न टाकायचे.

मोठ्या आतड्याला सूज, रक्त पडणं. आमचा दोघांचा आजार एकच. दुसऱ्या आजारावरचं एक जुनं औषध आम्हाला लागू पडतं का, याची चाचणी चालू होती. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी नकली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. गुण आला नाही तर माझं आतडं काढावं लागणार होतं.

आपल्याकडे हे चारचौघांत कोण बोलतं? तरुण नर्सने विचारलं की मी म्हणायचो, "बरं आहे."

"अहो, नीट सांगा ना!" बायको कुजबुजायची.

एकदा ते शेजारून गरजले, "बरं म्हणजे किती? किती वेळा? रक्त किती? ऑडिटवाले ना तुम्ही? असा हिशेब पास करता?"

अख्खा बाक हसला. माझे कान तापले, पण खरा आकडा तोंडून निघून गेला. मग सवयच लागली.

हळूहळू माझे आकडे उतरले. त्यांचे तिथेच राहिले. तरी ते बातम्या वाचाव्यात तसे खणखणीत सांगायचे.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" बायकोने विचारलं.

"वाटतं ना, बौदी! बाजारात इलिश मासा, ताटात कच्च्या केळ्याचा पातळ झोल! पण गोळी खोटी असली तरी उत्तर खरं हवं. नाहीतर दादा गोळीने बरे झाले की आपोआप, कसं कळणार?"

चाचणी संपली. त्यांची गोळी नकली निघाली, माझी खरी. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनीच पाठीत थाप मारली. "मी नापास झालो म्हणून तुमची गोळी पास झाली. मिठाई आणा!"

मग त्यांनाही खरी सुरू झाली. "प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

परवा तपासणीला गेलो तर त्यांची जागा रिकामी. बायकोचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या फोनवर फोटो आला: ताटात इलिशचा इवलासा तुकडा. खाली त्यांचा आवाजी निरोप. मी बटण दाबलं.

"जावई आलाय, आज येत नाही. नर्सला सांगा, पेट भालो. भालो म्हणजे," आणि सगळ्या बाकांना ऐकू गेलं, "दोनदा! रक्त शून्य!"