मास्तरांनी निंदलेला वाफा

माझ्या आईच्या वांग्यांचा वंश मी स्वतःच्या दोन बोटांनी संपवला. तेही सकाळी आंघोळीआधी, शीळ घालत!

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. तुमसरला मी शाळेत विज्ञान शिकवायचो (एकदल-द्विदल रोपं फळ्यावर फार सुंदर काढायचो). घरामागं वाफा केला, पण त्यात तणाची काडी नको, हा हट्ट. माती खणली, चाळली, मोथ्याच्या गाठी वेचल्या. मग पाणी शिंपडायचं, तण उगवू द्यायचं, उपटायचं. पुन्हा पाणी, पुन्हा उपटणं!

"काही लावानही, का मातीच धुवान?" बायको विचारायची.

अशात बपेऱ्याहून बाबा राहायला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. दहा-बारा दिवसांनी वाफा पुन्हा हिरवा दिसला. मी बसलो आणि तासाभरात साफ!

"बाबा, पाहा! एक काडी नाही ठेवली."

"अन् वांगे?"

"कोणते वांगे?"

"तुयी माय बी बांधून ठेवून गेली होती ना. तेच टाकलं होतं म्या इथं."

"किती टाकलं?"

"सारंच."

"मंग मले सांगाचं नाही का, बाबा!"

"तुले काय सांगाचं? तू मास्तर. ओळखशीन म्हनलं."

आम्ही तिघं उपटलेल्या ढिगाऱ्याभोवती बसलो. "मामाजी, हे वांगं का?" बायकोनं एक रोप दाखवलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मले नाही दिसत व माय. त्यालेच पूस."

त्यानं, म्हणजे मी, अकरा रोपं निवडली. अगदी ठामपणे! लावली, सावली केली, शेणखत घातलं. बाबा गावी गेले, जाताना म्हणाले, "पयले वांगे आणून दे. तुया मायच्या फोटोपुढं ठेवीन."

रोपं कमरेएवढी झाली. पांढरी, कर्ण्यासारखी फुलं आली. मग काटेरी फळं. अकराच्या अकरा धोतरा!

मी बाजारातून वांगी घेतली आणि बपेरा गाठलं. बाबांनी ती फोटोपुढं मांडली, एक नाकाशी धरलं. "मायचेच हायेत तुया. वासच सांगते."

"हो, बाबा," मी म्हणालो. (विज्ञानाचा मास्तर!)

त्यातलं एक जून, पिवळं वांगं त्यांनी बियाण्यासाठी आढ्याला टांगलं. पुढं मरेपर्यंत दरवर्षी ते 'आईची वांगी' लावत राहिले आणि पहिला तोडा मलाच पाठवत राहिले.

वांगी चवीला फार चांगली होती. तेवढं एक त्यांना खरं सांगता आलं.